जांबोटी भागातलं कौलारू घर पावसाळाभर बंद ठेवायचंय आणि आईला पुण्याला न्यायचंय, जाणकारांनी सांगा

परसातला_फणस:
नमस्कार मंडळी. आमचं घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं कणकुंबीच्या वाटेवर. मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढं सोपा, मधे माजघर, मागं न्हाणी आणि परसू. बाबा गेल्यापासून आई एकटीच असते, वय ७६, गुडघे पार गेलेत. मी पुण्यात नोकरीला, चौथ्या मजल्यावर राहतो. मागच्या पावसाळ्यात तिला ताप भरला तेव्हा लाईट नाही, रेंज नाही, शेजारच्यांनी पोराला रेंज मिळंल तिथपर्यंत पाठवून मला फोन केला तेव्हा कळालं. त्यानंतर माझ्यानं ते डोक्यातनं जाईना. म्हणून यंदा मिरगाच्या आधी तिला इकडं आणायचं ठरवलंय, ती हो म्हणाली पण अट एकच घातली, घर कुजता कामा नये.

आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, कणकुंबी आमगावचा पट्टा म्हणजे एकदा लागला की उघडायचं नाव नाही. आजवर घर कधी पावसात बंद राहिलंच नाही त्यामुळं काय काय करायचं तेच कळेना. कौलं, भिंती, वाळवी, घरातलं भात आणि डाळी, आईची लुगडी, फ्रीज, गॅस, सगळ्याचंच विचारतोय. आणि दुसरं, तिला पुण्यापर्यंत कसं न्यायचं? बसमध्ये तिला मळमळतं, आणि बांधाबांध तर तिनं आत्तापासून सुरू केलीय. आता मेचा पहिला आठवडा आहे, मला मधे चार दिवस रजा मिळंल. कुणी असं घर बंद ठेवलेलं असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

कौलारू_मिस्त्री:
दादा मी खानापूर भागातच शाकारणीची कामं करतो, तेव्हा कौलांचं मी सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे आत्ताच माणूस बोलवून ठेवा, वळीव एकदा सुरू झाला की आमच्या कुणाचाच हात मोकळा नसतोय. नुसती फुटकी कौलं बदलून जमायचं नाही, सगळी कौलं उतरवून झाडून परत बसवा, कारण कौलाच्या खाचेत पालापाचोळा आणि शेवाळ बसतंय आणि पाणी तिथं तुंबून उलटं आत येतंय. लोक म्हणतात कौल चांगलं आहे तरी गळतंय, ते ह्यामुळं. कौलं काढलीत की रिपा आणि वासे ठोकून बघा, पोकळ आवाज आला की बदला, चालतंय म्हणून ठेवू नका. आढ्याची कौलं पक्की करून घ्या. पन्हळ असेल तर साफ, आणि तिचं तोंड भिंतीपासनं लांब.

घरावर आलेल्या फांद्या तोडा. एक तर पाला पडतोय, दुसरं म्हणजे वानरं त्याच फांदीवरनं कौलावर उतरतात आणि एक उडी म्हणजे चार कौलं. माणूस असलं की हाकलतंय, बंद घरावर त्यांना मोकळं रानच. आणि २०-२५ कौलं जादा घेऊन सोप्यात रचून ठेवा, चावी ज्याच्याकडं असंल त्याला सांगून ठेवा. ऐन पावसात जुन्या मापाचं कौल शोधायला खानापूर बेळगाव फिरावं लागतंय.

निपाणीकर७:
मिस्त्री, सरळ वरनं ताडपत्री मारली तर? आजकाल सगळे निळा कागद टाकतात की. ४ महिन्यांचाच प्रश्न आहे.

कौलारू_मिस्त्री:
गोठ्यावर टाका, जिथं माणूस जातंय येतंय तिथं टाका. बंद घरावर अख्खा कागद टाकू नका. कौलारू घर कौलांच्या फटीतनंच वारा घेतंय. कागदानं ते बंद झालं की आतला दमटपणा आतच, वाशाला घाम सुटल्यागत पाणी सुटतंय आणि लाकूड बुरशी धरतंय. शिवाय वाऱ्यानं कागद फाटला की फडफडून कौलंच हलवतोय, मग गळती कुठनं हे पण कळत नाही. कागद वापरायचाच तर झडीच्या बाजूला भिंतीला तट्टी म्हणजे आडोसा म्हणून वापरा. पावसाळी वारं नैऋत्येकडनं येतंय, त्या अंगाची भिंत मातीची असंल तर तिला गवताची नाहीतर झावळ्यांची तट्टी बांधा, भिंतीला चिकटवू नका, हातभर लांब ठेवा.

मातीची भिंत वरनं कमी आणि खालनं जास्त जाते हे लक्षात घ्या. पागोळ्याचं पाणी उडून जोत्यावर शिंतोडे बसतात, तिथं माती सुटते, मग एक दिवस अख्खी भिंत बसते. पागोळ्या पडतात तिथं जांभ्याचे तुकडे नाहीतर खडी पसरा म्हणजे शिंतोडा उडत नाही, आणि पाणी वाहून जायला चर काढा. हे काम फुकटातलं आहे पण घर वाचवायला हेच.

शहापूरची_अक्का:
माझं माहेर खानापूरकडचंच, तेव्हा मी बाईमाणसाच्या बाजूनं सांगते. आमच्याकडची जुनी घरं टिकली ती चुलीमुळं. रोज चूल पेटायची, धूर माळ्यावर जायचा, वासे काळे कुळकुळीत व्हायचे, त्यावर ना वाळवी ना भुंगा. घर बंद म्हणजे चूल बंद, म्हणून घर कुजतं, पावसानं नव्हे. तुम्ही काहीही औषधं मारा, पण दर आठ दिवसांनी कुणीतरी येऊन दारं खिडक्या उघडून दोन तास चूल पेटवली पाहिजे, सुकी लाकडं आणि शेणी आत्ताच माजघरात कोरड्या जागी रचून ठेवा. मात्र पेटवून कुणी निघून जायचं नाही. विस्तव पुरता विझवून राख बाहेर टाकूनच कुलूप लावायचं, हे दहा वेळा सांगा.

माणूस कुठला हे आधी ठरवा. जुलैमध्ये रोप लागण असते, गावात पोरगं सुद्धा मोकळं नसतं, ओळखीवर "बघतो की" म्हणतील आणि खरोखरच वेळ मिळणार नाही त्यांना. त्यापेक्षा घरातच असणारी एखादी मावशी बघा आणि महिन्याचे पैसे ठरवून द्या. फुकट सांगितलं की आपल्यालाही विचारायला जड जातं. दरवेळी तिनं सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ करून रेंजमध्ये आल्यावर पाठवायचा, आईला पण बघून बरं वाटेल.

परसातला_फणस:
अक्का हे लाखमोलाचं सांगितलंत. शेजारच्या घरात एक मावशी आहेत, आईच्या जोडीदारीण, त्यांना विचारतो. पैशाचं मी काढणारच होतो पण त्या घेतील काय असं वाटत होतं, आता आईकडनंच बोलवून घेतो.
वाळवीला काय करायचं? खालच्या चौकटीला आत्ताच मातीची नळी दिसतेय.

चंदगडी_पोरगा:
काय गा, काजूच्या मुलखात राहून वाळवीचं विचारतोस? आमच्याकडं चंदगडात काजूचे कारखाने आहेत तिथं टरफलाचं तेल मिळतंय, काळं दाट. आमच्या आजोबांपासनं वासे, चौकटी, नांगर, सगळ्याला तेच लावतोय. वाळवी फिरकत नाही. फक्त ते अंगाला लागलं तर बिब्ब्यासारखं उततंय, कातडी सोलून निघते. हातमोजे घाल, पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोळ्याला काहीतरी, आणि ब्रशनं लाव. लावायच्या आधी मातीची नळी खरवडून काढ आणि ती जमिनीतनं कुठनं वर आलीय ते शोध, वरवर लावून उपयोग नाही. आणि लावल्यावर घर आठ दिवस उघडं राहू दे, वास डोक्यात जातोय. आईला त्या खोलीत झोपवू नको.

रानवाट:
कुणीच विचारलं नाही म्हणून मी विचारते. आई हो म्हणाल्या म्हणजे त्यांना यायचंय की तुमच्या काळजीपोटी हो म्हणाल्या? ७६ वर्षं ज्या परसात काढली तिथनं एकदम चौथ्या मजल्यावर पाच महिने. माझ्या सासूबाईंचं बघितलंय म्हणून सांगते, पुण्यात त्यांना औषधपाणी वेळेवर मिळालं पण बोलायला माणूस नाही, दिवसभर टीव्ही. मी नेऊ नका म्हणत नाही. पण जून ते ऑक्टोबर एका दमात ठरवू नका. आणि गणपतीचं काय? तुमच्या घरात गणपती बसत असेल ना?

परसातला_फणस:
बसतो. पिढ्यान् पिढ्या बसतो. तो पुण्यात आणायचा विषय मी काढला तर आई म्हणाली मग मी येतच नाही. तेव्हा गणपतीला सगळे गावी जाणारच. हे मी वर लिहायला पाहिजे होतं.
तिच्या मनाचं म्हणाल तर मी परत एकदा निवांत बसून बोलतो. तुमचं म्हणणं मनाला लागलं.

शहापूरची_अक्का:
मग तर प्रश्न अर्धा झाला. घर पाच महिने बंद नाहीच. मिरगापासून गणपतीपर्यंत एक टप्पा, मग पंधरा दिवस घर भरलेलं, चूल पेटलेली, माणसांची ये जा, तेवढ्यात घर परत कोरडं होतं. गणपतीनंतर आईंना वाटलं तर परत पुण्याला, नाही वाटलं तर पाऊस ओसरलेलाच असतो, तुम्ही दसऱ्यापर्यंत कुणाला तरी सोबत ठेवा. आणि गणपतीच्या आदल्या दिवशी पोचू नका. आठवडाभर आधी एक जण तरी पुढं जाऊ दे, भिंतींना बुरशी आलेली असणारच, ती काढून, चुना मारून, सगळं उन्हावाऱ्याला टाकायला वेळ लागतो.

भिंतींना आत्ता मेमध्येच चुन्याचा हात मारा. डिस्टेंपर नको. चुन्यावर बुरशी लवकर धरत नाही, आणि मातीच्या भिंतीला श्वास घेता येतो.

सुनबाई_हिंडलगा:
मी धान्य आणि कपड्यांचं लिहिते, थोडं लांबेल.

भात असेल तर भातच राहू द्या, दळून तांदूळ करून ठेवू नका, टरफलात ते टिकतं. तांदळाला टोके लागतात. जो तांदूळ आहे तो पुण्याला न्या नाहीतर मावशींना देऊन टाका. कणगी जमिनीवर असेल तर खाली फळ्या घाला आणि भिंतीपासून सरकवा. डाळी, कडधान्य कडक उन्हात दोन दिवस घालून, गार झाल्यावर (गरम भरलं की आत घाम धरतो) पत्र्याच्या डब्यात, वर वाळलेला कडुनिंबाचा पाला, झाकणाला कापड लावून घट्ट. तरी मी म्हणेन चार महिन्यांपेक्षा जास्त पुरेल एवढं ठेवूच नका. पीठ, रवा, शेंगदाणे, गूळ, खोबरं काहीही मागे ठेवायचं नाही. उंदीर एका शेंगदाण्यासाठी ट्रंक कुरतडतात.

लुगड्यांचं: खळ घातलेलं एकही कापड ठेवू नका, खळीला कसर लागते. सगळं नुसत्या पाण्यात धुवून कडक वाळवून ठेवा. जरीचं असेल, शहापुरी किंवा इरकल, ते मऊ सुती कापडात गुंडाळा, डांबरगोळी जरीला टेकू देऊ नका, जरतार काळी पडते. डांबरगोळ्या कापडाच्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात. खरं तर चांगली लुगडी तुम्ही पुण्यालाच न्या, त्यांना अधूनमधून घडी मोडून हात फिरवायला मिळेल. गाद्या गुंडाळून भिंतीला लावून ठेवू नका, खाट मधे ओढून तिच्यावर पसरून ठेवा. कपाटाची दारं किंचित उघडी. ओल शोषणाऱ्या डब्या दुकानात मिळतात, कॅल्शियम क्लोराईडच्या, त्यात पाणी साठतं, ते मावशींना दरवेळी ओतायला सांगा. तांब्यापितळेची भांडी घासून, पुरती कोरडी करून, कागदात गुंडाळून. ओली ठेवलीत तर हिरवी होतात.

देव कुठं ठेवणार ते ठरवा. आईंना पुण्याला न्यायचे असतील तर नेऊ द्या, त्यावर वाद घालू नका.

निपाणीकर७:
लाईट गॅसचं मी सांगतो, माझं तेच काम आहे. टीव्ही, डिश, राउटर, मिक्सर सगळ्याचे प्लग काढा, नुसतं बटण बंद नको, तुमच्याकडं वीज कडाडते ती डिशच्या वायरनं आत येते. मेन स्विच बंद करून जा. मीटर बाहेर सोप्यात असेल तर रीडिंगवाला येऊन घेऊन जाईल, आत असेल तर मावशींना सांगून ठेवा. कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत असाल तर वापर नसताना बिल शून्यच येईल, ती योजना १ जुलै २०२३ पासून चालू आहे, वापर कमी झाला म्हणून कुणी बंद करत नाही. आर आर नंबर म्हणजे बिलावरचा ग्राहक क्रमांक फोनमध्ये सेव्ह करा, तारेवर झाड पडलं तर १९१२ ला लावताना तोच विचारतात.

गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावा. फ्रीज रिकामा, बर्फ वितळवून, पुसून, दाराच्या मधे कापडाची गुंडाळी घालून उघडाच ठेवा, बंद ठेवलात तर काळी बुरशी येते आणि तो वास नंतर जात नाही. घड्याळ, रिमोट, बॅटरी, सगळ्यातले सेल काढा, पाझरून खराब होतात. इन्व्हर्टर असेल तर डिस्टिल्ड वॉटर भरून, चार्ज करून वायर सोडवा. टाकी पूर्ण रिकामी करून उलटी, अर्धवट पाणी म्हणजे डास. संडासच्या भांड्यावर आणि न्हाणीच्या मोरीवर जड फरशी ठेवा. पावसात बिळात पाणी शिरलं की साप कोरडी जागा शोधतात, मोरीची वाट त्यांना नेमकी सापडते. मावशींना पण सांगा, दार उघडलं की आधी काठी आपटायची, मग आत पाय.

आणखी एक. निघताना घराचे आतून बाहेरून सगळ्या बाजूंनी फोटो काढा. देव करो आणि वेळ न येवो, पण भिंत पडली तर पंचनामा होतो तेव्हा आधीचा फोटो, घरफाळ्याची पावती आणि ग्रामपंचायतीचा उतारा लागतो. ह्या कागदांच्या झेरॉक्स पुण्याला घेऊन जा. मूळ कागद पण तिथं ठेवू नका, ओलीनं जातात.

लोंढा_जंक्शन:
आता प्रवासाचं. बसमध्ये मळमळतं म्हणताय आणि गुडघे गेलेत, मग रेल्वेच. बेळगावहून पुण्याला तीन पर्याय ध्यानात ठेवा. वंदे भारत हुबळी पुणे, सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे, आठवड्यातून ३ दिवस, सकाळी बेळगाव सोडते आणि दुपारी पुण्यात. दिवसा प्रवास, संडास बरा, पण बसूनच जायचं, आडवं होता येत नाही, आणि तुमच्या गावाहून तेवढ्या सकाळी पोचायचं म्हणजे आदल्या रात्री बेळगावात मुक्काम. दुसरी गोवा एक्सप्रेस, तिसरी हुबळी दादर, दोन्हीत झोपून जाता येतं, पण पुण्यात अडनिड्या वेळी उतरवतात, तेव्हा घरनं कुणीतरी गाडी घेऊन यायला पाहिजे. गाडी खानापुरात गाठू असा विचार करू नका, तिथं सगळ्या थांबत नाहीत आणि थांबतात त्या थोडाच वेळ, गुडघे दुखणाऱ्या माणसाला घाईनं चढवणं नको.

लोअर बर्थचं नीट समजून घ्या. ४५ च्या पुढच्या बायकांना आणि ६० च्या पुढच्या पुरुषांना लोअर बर्थचा कोटा आहे, पण तो एकट्यानं किंवा तसेच दोघे प्रवास करत असतील तर. तुम्ही सोबत एकाच तिकिटावर आलात की त्या कोट्यातनं मिळत नाही. मग जनरल कोट्यातनं काढताना "एक तरी लोअर बर्थ मिळाला तरच बुक करा" हा पर्याय असतो तो निवडा. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तिकीट खिडकीवर त्यासाठी वाद घालू नका. व्हीलचेअर बेळगाव स्टेशनवर आधी जाऊन विचारून ठेवा, ऐन वेळी धावपळ नको.

निपाणीकर७:
बसचा पण विचार सांगतो. खानापूर बेळगाव निपाणीपर्यंत आपल्या कर्नाटकच्या बसला आईंना तिकीट नाही, शक्ती योजना ११ जून २०२३ पासून, आधारवर कर्नाटकचा पत्ता असला की झालं. पुढं महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ते त्यांच्या हद्दीतच. पैशानं स्वस्त पडतं.

लोंढा_जंक्शन:
स्वस्त पडतं हे खरं, पण ७६ वर्षांच्या गुडघे दुखणाऱ्या बाईला दोनदा बस बदलायला लावायची? नको वाटतं मला. तरुण माणसाचं ठीक आहे. शिवाय सीमेवर काही झालं की पहिल्यांदा दोन्हीकडच्या बसच बंद होतात, फेब्रुवारी २०२५ मध्ये तेच झालं, माणसं सीमेवरच्या कोगनोळीला उतरून पुढची सोय शोधत होती. आणि उशीर केलात तर पाऊस. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं आलं, बेळगाव पुणे रस्ताच तुटला. म्हणून कसंही न्या पण जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत न्या.

परसातला_फणस:
रेल्वेच ठरवली, हुबळी दादर बघतो. सामानाचं काय? आईनं काढलेली यादी वाचतो: अर्धं पोतं तांदूळ, आमसोलं, आठळ्या, लोणच्याच्या दोन बरण्या, नाचणा, घोंगडं, आणि जातं. जातं दगडाचं आहे. आणि तिची मांजर.

लोंढा_जंक्शन:
स्लीपर आणि थ्री एसीला माणशी ४० किलो फुकट, दोघांचे ८०. वजनानं बसेल पण उचलणार कोण? तांदूळ आणि नाचणा ओळखीच्या टेम्पोनं नाहीतर पार्सलनं आधी पाठवा, गाडीत फक्त कपडे, औषधं, कागद आणि लोणचं. बरणीच्या तोंडाला प्लास्टिक बांधून डब्यात उभी घाला. औषधं महिनाभराची आणि डॉक्टरची चिठ्ठी आईंच्या हातातल्या पिशवीत, बॅगेत नको.

शहापूरची_अक्का:
जातं नेऊ नका, जडही आहे आणि चौथ्या मजल्यावर दळायला लागल्या तर खालचे लोक तक्रार करतील, मग त्यांना वाईट वाटेल. माजघरातच पाट टाकून उचलून ठेवा. घोंगडं मात्र न्याच.

मांजर मावशींकडंच राहू दे. मांजर माणसापेक्षा घराला धरून असतं, पुण्याला नेलं तर दारातनं पळून जाईल आणि परत सापडायचं नाही. आईंना सांगा की दोन्ही घरं शेजारी आहेत, ते आपल्या जागेवरच फिरतं, आणि मावशी येऊन चूल पेटवतील तेव्हा ते पण येईल. मावशींच्या पैशात त्याच्या दुधाचे धरा.

रानवाट:
एक रेशनचं राहिलं. कार्ड बीपीएल किंवा अंत्योदय असेल तर एक देश एक रेशन कार्डामुळं पुण्यातल्या दुकानात आईंचा अंगठा लावून केंद्राचं धान्य मिळतं, राज्याचं वाढीव मिळत नाही. निघायच्या आधी गावच्या दुकानात ई-केवायसी पूर्ण आहे ना तेवढं बघा, वय झालेल्या माणसांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, तिथं ओळखीचा दुकानदार वेळ देतो, पुण्यात रांगेत कोण थांबणार.

आणि पुण्यात गेल्यावर खाली बागेत सकाळी कुणी मराठी बोलणाऱ्या आज्या बसतात काय ते आधी बघून ठेवा. हे सगळ्यात महत्त्वाचं समजा.

परसातला_फणस:
खाली बसतात चार पाच जणी, बायको आज संध्याकाळीच बोलून आली. त्यातल्या एक गडहिंग्लजच्या निघाल्या, आईला सांगितल्यावर तिनं पहिल्यांदा फोनवर विचारलं की कुठल्या गल्लीतल्या.

काल तिच्याशी निवांत बोललो. जून ते गणपती नक्की, पुढचं गणपतीत ठरवू असं तिनंच म्हटलं. मावशी तयार आहेत, पैसे नको म्हणत होत्या, आईनं दम दिल्यावर घेते म्हणाल्या. मिस्त्री, तुम्हाला व्यक्तिगत संदेश केलाय, १८ मेनंतर कधीही या, मी तिथं असेन. वाळवीचं तेल चंदगडहून मामेभाऊ आणतोय, ते मी स्वतः लावीन, तेवढे दिवस आईची झोपायची सोय मावशींकडं केलीय.

लोंढा, गणपतीला गावी जायच्या तिकिटाचं सांगा, कधी काढायचं?

लोंढा_जंक्शन:
आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ पासून तसं झालंय, आधी १२० होतं. तुम्ही गणपतीच्या आठ दिवस आधी पोचणार म्हणजे त्या तारखेपासून ६० दिवस मागं मोजा, प्रवासाचा दिवस सोडून, आणि त्या सकाळी ८ ला फोन हातात घेऊन बसा, दोघं जण दोन फोनवर. जाताना बेळगावपर्यंत काढलीत तरी पुढं जांबोटीला न्यायला गाडी आत्ताच सांगून ठेवा, गणपतीत वडापच्या जीपा पण भरून येतात. येतानाचं तिकीट त्याच दिवशी उघडणार नाही, ते परतीच्या तारखेप्रमाणं पुढं उघडेल, त्याची वेगळी आठवण लावा.

कौलारू_मिस्त्री:
संदेश मिळाला. १९ ला सकाळी येतो, सोबत दोघं जण आणतो. त्याआधी फांद्या तोडून ठेवा, कौलं उतरवल्यावर फांदी पडली तर डबल काम होतंय. आणि आईंना सांगा माजघरातलं सामान झाकून ठेवायला, धूळ लई पडते.